फुलपात्रावरचं नाव

“आजून किती पायऱ्या हायत रं, पेपरवाल्या?” असं विचारून हौसाबाई उत्तराची वाट न बघता वेशीबाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसल्या.

पायऱ्या वर धुक्यात शिरत होत्या. बत्तीसपर्यंत मोजता आल्या, पुढच्या दिसत नव्हत्या. गाडी खाली चेस्टनटच्या झाडांपाशी सोडावी लागली होती, कारण गावात गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. डोंगराच्या माथ्यावर तट, तटाला एकच दरवाजा, आणि आत दाटीवाटीनं रचलेली दगडी घरं. आठशे वर्षांपूर्वी लोक शत्रूच्या भीतीनं इथे चढून आले होते आणि गेल्या चाळीस वर्षांत कामधंद्यासाठी उतरून गेले होते. वर आता एकेचाळीस माणसं राहतात, असं मार्ता म्हणाली. मार्ता खालच्या खोऱ्यातल्या शाळेत शिकवायची, आणि या गावातल्या जुन्या वस्तूंची नोंद करणं हा तिचा सुट्टीतला उद्योग होता. तिच्यामुळेच आम्ही आलो होतो.

हौसाबाईंनी मान वर करून तट बघितला. “आमच्या वर्धनगडावानी हाय,” त्या म्हणाल्या. “पर त्यो तरी रिकामा हाय. हितं मान्सं कशापायी ऱ्हायलीत?”

तारीख ६ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार. गावाचं नाव मी इथे देणार नाही. एकदा दिलं होतं, तेवढं पुरे.

हौसाबाई शेडगे तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. गाव निंबसरी, तालुका खटाव. बेचाळीस साली पंधराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर नवरा, आनंदा शेडगे, पलटणीबरोबर बोटीत बसला आणि चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात इटलीच्या डोंगरांत दिसेनासा झाला. तार आली ती ‘बेपत्ता’ अशी. सासूनं त्याच दिवशी सांगून टाकलं की मढं बघितल्याशिवाय सुनेचं कुंकू पुसायचं नाही. पुढे सरकारनं आनंदाला मृत मानलं, पेन्शनचे कागद आले; त्यांवर ‘विधवा’ असा शब्द होता म्हणून सासऱ्यांनी ते परत पाठवले. त्यामुळे हौसाबाई चोपन्न वर्षं सवाष्ण होत्या. रुपयाएवढं कुंकू लावत, हिरवा चुडा भरत, आणि गावातल्या कुठल्याही लग्नात नवरीला हळद लावायला पहिला हात त्यांचा असे. मूलबाळ नव्हतं. जमीन पुतण्याच्या नावावर होती. निंबसरीत त्यांचं म्हणून जे काही होतं ते त्या कुंकवावर उभं होतं.

मार्तानं या गावच्या दफनभूमीत एका थडग्यावर एक पितळी भांडं बघितलं होतं. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं कुठल्या भाषेतली ते तिला कळेना, म्हणून तिनं फोटो काढून अंदाजानं रोममधल्या भारतीय वकिलातीला पाठवला. तिथून तो माजी सैनिकांच्या संघटनेच्या कर्नल रणनवऱ्यांकडे आला आणि कर्नलसाहेबांकडून माझ्या टेबलावर. भांडं म्हणजे आपलं साधं फुलपात्र होतं. त्यावर लिहिलं होतं: ‘सौ. हौसाबाई आनंदा शेडगे, मु. निंबसरी’. रुखवतातलं फुलपात्र. आनंदानं जाताना ते पाणी प्यायला म्हणून पिशवीत टाकलं होतं.

मी, सुहास केंजळे, तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दैनिकानं हौसाबाईंना इटलीला न्यायचं ठरवलं. निघताना थडगं हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. “भांडं माझं हाय, मी जाऊन बघती,” एवढंच म्हणाल्या.

रोमला पोचलो त्या बुधवारी संध्याकाळी मी हॉटेलातून मजकूर फॅक्स केला. रविवारची पुरवणी गुरुवारी रात्री छापतात, शुक्रवारी तिचे गठ्ठे जिल्ह्यांत निघतात. जे घडणार हे नक्की आहे ते घडल्यासारखं आधी लिहून ठेवायचं, ही आमच्या कामातली रोजची गोष्ट. पुलाचं उद्घाटन होण्याआधी त्याची बातमी जुळवून तयार असते. पाहुणा आला नाही तर नाव बदलतात. फुलपात्र थडग्यावर होतं, त्यावर नाव होतं. शंका घ्यायला जागा मला तरी दिसली नाही.

मार्तानं आम्हाला आधी एलीदेच्या घरी नेलं. ते थडगं तिच्या घराण्याचं होतं. एलीदे चौऱ्याहत्तर वर्षांची, किरकोळ बांध्याची, पायापासून गळ्यापर्यंत काळ्या कपड्यांत. हौसाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “मालक गेलेला दिसतोय हिचा.” तिकडे एलीदे हौसाबाईंच्या कपाळाकडे आणि हातातल्या चुड्याकडे बघत होती. तिलाही काहीतरी कळलं असावं. तिनं खुर्ची चुलीजवळ ओढली आणि हौसाबाईंना दोन्ही खांद्यांना धरून तिच्यावर बसवलं.

मग ती बोलायला लागली. ती तिच्या बोलीत बोले, मार्ता मला इंग्रजीत सांगे, मी हौसाबाईंना मराठीत सांगत होतो. त्यामुळे प्रत्येक वाक्य तीनदा होत होतं आणि घाई करायची सोय नव्हती.

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात जर्मन गाव सोडून गेले. खालून तोफा चालू होत्या. एका पहाटे एलीदेच्या आईला, आस्सुंताला, मेंढरांच्या गोठ्यात एक परका शिपाई सापडला. पोटाला लागलं होतं. बरोबरचे लोक पुढे गेले होते किंवा मेले होते. तो दोन दिवस जगला. एलीदे तेव्हा वीस वर्षांची होती. तो खूप बोलत होता, त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. तो पिशवीतलं भांडं काढून दाखवी, तेव्हा ती त्यात पाणी भरून देई.

आस्सुंताचा मुलगा औरेलिओ रशियाच्या आघाडीवर गेला होता. पावणेदोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई गेला. आस्सुंतानं त्याला आंघोळ घातली. मग पेटी उघडली, औरेलिओचा सणावाराचा कोट काढला आणि त्याच्या अंगावर चढवला. पाद्रीबाबांना बोलावून सांगितलं की माझा मुलगा परत आला आणि वारला. पाद्रीबाबांनी चेहरा बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि वहीत औरेलिओचं नाव लिहिलं. गावानं खांदा दिला. चेहरा सगळ्यांनी बघितला होता. कुणी काही बोललं नाही. आठवड्यानं वर आलेल्या फौजेलाही कुणी सांगितलं नाही. आस्सुंता पंचवीस वर्षं रोज त्या थडग्यावर जाऊन बसे. मेली तेव्हा तिला त्याच्याच शेजारी ठेवलं.

इथे मार्ता भाषांतर करायची थांबली. तिनं एलीदेला काहीतरी तीव्रपणे विचारलं, एलीदेनं खांदे उडवले. मार्ता मला म्हणाली की ती चार वर्षं या गावात येते आहे, प्रत्येक घरात जेवली आहे, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भांडं कुणीतरी बाजारातून आणलं असेल असं ती समजत होती. तिचा चेहरा उतरला होता. फोटो पाठवून आपण काय करून बसलो हे तिला माझ्या आधी कळलं.

मी हौसाबाईंना सगळं सांगितलं. गाळलं काही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी विचारलं, “पानी हिनं पाजलं?”

“हो.”

“लई बोलत व्हते म्हनती?”

“हो. पण कुणाला कळलं नाही.”

“मला तरी कुठं कळायचं,” हौसाबाई म्हणाल्या. “लई भरभर बोलायचे.”

एलीदे उठली, चुलीत एक लाकूड सारलं, आणि आमच्याकडे पाठ करूनच पुढचं बोलली. आई आता नाही, ती म्हणाली. मी एकटी आहे. तुमचा माणूस आहे, न्यायचा असेल तर न्या. मग वळली. “पण औरेलिओला मी कुठे ठेवू, तेवढं सांगून जा.”

माझ्या बॅगेत कर्नलसाहेबांनी दिलेला अर्ज होता. थडगं उघडून अवशेष लष्करी दफनभूमीत हलवावेत, त्यावर आनंदा शेडगे असं नाव लागावं, अशी पत्नीची विनंती. खाली अंगठ्यासाठी चौकट. शाईची डबीही मी बरोबर घेतली होती.

दफनभूमी तटाबाहेर उतारावर होती. त्यांचा मृतांचा दिवस होऊन चार दिवस झाले होते. प्रत्येक थडग्यावर शेवंतीची फुलं होती, पिवळी, पांढरी, जांभळी, धुक्यानं भिजून माना टाकलेली. हौसाबाईंचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. “शेवंती हाय की रं,” त्या म्हणाल्या.

प्रत्येक दगडावर मेलेल्याचा फोटो बसवलेला होता. एलीदे ज्या दगडापाशी थांबली त्यावर टोपी घातलेला एक तरुण पोरगा हसत होता. हौसाबाईंनी वाकून फोटो निरखला. “ह्ये न्हवंत.”

“हे नाहीतच, मावशी. हा त्यांचा औरेलिओ.”

फोटोखाली फुलपात्र होतं. घासून लख्ख केलेलं, त्यात तीन पांढऱ्या शेवंत्या. हौसाबाईंनी फुलं काढून दगडावर ठेवली, पाणी ओतलं आणि फुलपात्र हातात फिरवून ठिपक्यांवरून अंगठा नेला. त्यांना वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय?”

मी वाचलं. सौ. हौसाबाई आनंदा शेडगे.

“आनि हितं? दगडावर?”

“औरेलिओ. जन्म एकोणीसशे एकवीस, मृत्यू एकोणीसशे चव्वेचाळीस.”

“औरेलिओ,” हौसाबाई म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. “ह्ये नाव मला घेता येतंय.” चोपन्न वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं, विमानतळावर विचारलं तेव्हासुद्धा माझ्याकडे बोट केलं होतं.

मी अर्ज काढला. त्यात काय आहे ते वाचून दाखवलं. डबीचं झाकण उघडलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

मी थांबलो. मला वाटलं त्यांना नीट कळलं नसावं, म्हणून पुन्हा समजावायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“कळलंय मला. लई मोठं मन हाय म्हनून न्हवं, पेपरवाल्या. तू उगं तसलं काय तरी लिवशील. तिला थडगं पायजे, मला कुकू. दोघींचं भागतंय. मधी कुनी बोलू नगा म्हंजी झालं.”

“आणि ते?” मी विचारलं. “आनंदा शेडगे?”

“त्यांला हितं चोपन्न वर्सं फुलं मिळाली. म्या काय दिलं असतं?”

मार्तानं हे एलीदेला सांगितलं. एलीदे खाली बसली आणि दगड हातानं पुसू लागली. तो आधीच स्वच्छ होता.

हौसाबाईंनी एक पांढरी शेवंती उचलली आणि अंबाड्यात खोवायला हात मागे नेला. मार्ता दचकली. मला हळूच म्हणाली की ही फुलं आमच्याकडे फक्त मेलेल्यांची. पण तोवर एलीदे उठली होती. हौसाबाईंचा हात मागे नीट पोचत नव्हता, तिनं फूल घेतलं आणि अंबाड्यात बसवून दिलं. मग फुलपात्र पुढे केलं, न्या म्हणून.

“आन मग फुलं कशात ठेवील ती?” हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी फुलपात्र नळावर भरून आणलं आणि उरलेल्या दोन शेवंत्या त्यात लावल्या.

वेशीकडे परत येताना त्यांनी माझा हात धरला होता. पायऱ्या निसरड्या होत्या. मधल्या वळणावर त्या थांबल्या.

“घरी काय सांगायचं ते आइक. भांडं बाजारातनं तिकडं गेलं हुतं. मानूस गावला न्हाई. आसं लिव. न्हाय तर लिवूच नगंस.”

“नाही लिहिणार, मावशी.”

“माझी शपथ घे.”

मी घेतली. घड्याळात साडेतीन वाजले होते, म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ. पुरवणी आदल्या रात्रीच छापून झाली होती.

संध्याकाळी खोऱ्यातल्या गावातून मी वर्तकांना, आमच्या संपादकांना, फोन लावला. गठ्ठे दुपारीच निघाले, ते म्हणाले. थांबवायचे तर कारण काय? मजकुरात चूक आहे का? थडगं त्याचंच आहे ना? मी म्हणालो, त्याचंच आहे. मग, ते म्हणाले, उत्तम झालंय, सगळ्या जिल्ह्यांत तीच मुख्य आहे, अभिनंदन. मी फोन ठेवला.

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस हौसाबाई माझ्या शेजारी होत्या. गाडीत, हॉटेलात, विमानात. मी त्यांना सांगितलं नाही. विमानात त्यांनी विचारलं की एलीदेला पोरंबाळं किती. मी म्हणालो एकही नाही. त्या म्हणाल्या, मला वाटलंच. अंबाड्यातली शेवंती त्यांनी रात्री पाण्यात ठेवायची आणि सकाळी परत लावायची असं चालवलं होतं.

सोमवारी दुपारी जीप निंबसरीत पोचली. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. दारात कुणी आलं नाही. ओसरीवर बायका बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. हौसाबाईंची जाऊ गजराबाई पुढे आली, तिच्या हातात आरतीचं ताट नव्हतं, ओलं फडकं होतं.

हौसाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. त्यांनी बायकांकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. मग त्यांना खाटेवर पसरलेली पुरवणी दिसली. वाचता येत नसलं तरी स्वतःचा फोटो ओळखता येतो. त्यांनी ती उचलली आणि माझ्या हातात दिली.

“काय लिवलंय?”

मी वाचलं. मथळा माझाच होता: ‘चोपन्न वर्षांनी कुंकू पुसलं’. खाली अकरा परिच्छेद. त्यांत धुकं होतं, तट होता, थडग्यावर डोकं टेकून रडणाऱ्या हौसाबाई होत्या, आणि शेवटी त्यांनी आपल्या हातानं कपाळ पुसलं असं होतं. मी कुठेही न अडखळता सगळं वाचलं.

“ह्ये कवा लिवलंस?”

“बुधवारी.”

“आपुन त्या गावात कवा गेलो?”

“शुक्रवारी.”

त्यांनी मान हलवली. पायऱ्या किती उरल्या हे सांगितल्यावर हलवायच्या तशी.

पुतण्या, बबन, पुढे झाला. तो आडदांड पण मवाळ माणूस होता. त्याला कपाळावरचं कुंकू दिसत होतं आणि पेपरातला मजकूरही. तो गोंधळला होता. म्हणाला, “सायेब, पेपरात तर आलंय, आन काकूंचं कुकू तर हाय. खरं काय हो? थडगं काकांचंच हाय का?”

ओसरीवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हौसाबाईही. काय म्हणायचं ते त्यांनी मला पायऱ्यांवर शिकवलं होतं. भांडं बाजारातनं गेलं, माणूस सापडला नाही, पेपरात चुकीचं आलं. एवढी तीन वाक्यं. त्यातलं शेवटचं मला कठीण होतं. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत माझ्या नावाच्या मजकुराला खुलासा छापावा लागला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता.

मी म्हणालो, “हो. त्यांचंच आहे.”

हौसाबाईंनी गजराबाईच्या हातातलं फडकं घेतलं. “दे हिकडं,” त्या म्हणाल्या. “पेपरात आलंय न्हवं.” कपाळ त्यांनी स्वतःच पुसलं. मग अंबाड्यातली शेवंती काढली, ती मरगळली होती, आणि माझ्या हातातल्या पुरवणीवर ठेवली. त्यानंतर बायकांनी त्यांना आत नेलं. मी जीपमध्ये बसेपर्यंत चुडा फोडल्याचा आवाज येत होता. सगळा फुटायला बराच वेळ लागला.

कर्नलसाहेबांना मी कोरा अर्ज परत दिला. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं की बाईंना थडगं हलवायचं नाही. ते म्हणाले, तेही बरोबरच आहे.

हौसाबाई पुढे आठ वर्षं जगल्या. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. साताऱ्याचा आमचा वार्ताहर कधी निंबसरीला जाऊन आला की सांगे. लग्नाच्या मांडवात आता त्या मागे, कणगीपाशी बसतात. हळदीला कुणी बोलावत नाही, त्याही जात नाहीत.

२००६ च्या मार्चमध्ये त्यांच्या निधनाची चार ओळींची बातमी साताऱ्याहून आली. मी तेव्हा वृत्तसंपादक होतो. मजकुरात ‘श्रीमती हौसाबाई आनंदा शेडगे’ असं होतं. मी ‘श्रीमती’ खोडलं आणि ‘सौ.’ लिहिलं. पान गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनचा फोन आला. तो अजूनही मवाळच बोलत होता. म्हणाला, सायेब, चुकून सौ. पडलंय, लोक इचारत्यात, तेवढं दुरुस्त करा. मी म्हणालो, करतो.

तिसऱ्या दिवशी सातव्या पानावर तळाशी तीन ओळी आल्या. ‘निंबसरी येथील हौसाबाई शेडगे यांच्या निधनवृत्तात त्यांचा उल्लेख नजरचुकीने सौ. असा झाला. तो श्रीमती असा वाचावा.’ चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चुकीचा खुलासा छापला गेला, तो एवढाच.